मातीच्या पाट्या आणि शनिवारची मुलं

जगातली पहिली लिपी, पहिलं शहर, पहिलं चाक, पहिला कायदा. मेसोपोटेमिया, म्हणजे आजच्या इराकच्या आसपासचा प्राचीन प्रदेश, शिकवायला घेतला की ही यादी फळ्यावर येतेच. मुलं ती पाठही करतात, परीक्षेत जोड्या लावून मोकळी होतात. महिन्याभरानं विचारलं तर सुमेर आधी की असिरिया आधी, बॅबिलोन म्हणजे शहर की देश, सगळा गोंधळ उडालेला असतो.

दोष मुलांचा नाही. दहा वर्षांच्या मुलाला 'पाच हजार वर्षांपूर्वी' या शब्दांनी काहीही होत नाही. आजीचं लहानपण, शिवाजी महाराज आणि डायनोसोर त्याच्या मनात एकाच 'फार पूर्वी'त राहत असतात. तिथं कोण पहिलं आलं या शर्यतीचा निकाल ऐकून त्याच्या हाती काय लागणार? त्याला तिथलं माणूस भेटलं पाहिजे. हिशेब मांडणारं, भांडणारं, आईवर रुसलेलं. आणि मेसोपोटेमियात अशी माणसं ढिगानं भेटतात, कारण ते लोक मातीवर लिहायचे आणि ती माती टिकली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून आज त्यांच्या लाखो पाट्या आहेत. एवढी पत्रं, पावत्या, शाळेतल्या वह्या मागे ठेवून गेलेला दुसरा प्राचीन समाज मला तरी माहीत नाही.

नाशिकला आमच्या भागातल्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मी मुलांचा इतिहासाचा वर्ग घेते. परीक्षा नाही, वहीची सक्ती नाही. चौथीपासून सातवीपर्यंतची मुलं येतात, काही मराठी माध्यमाची, बरीचशी इंग्रजी माध्यमाची. सुमेर, बॅबिलोन आणि असिरिया हा भाग मी दिवाळीच्या आधी घेते. त्या दिवसांत कुंभारवाड्यात पणत्यांचे आवे लागतात आणि आमच्या पाट्याही त्यात भाजून मिळतात.

सुरुवात मात्र मातीनं करत नाही, चालण्यानं करते. एक पाऊल म्हणजे शंभर वर्षं. वाचनालयाच्या कपाटापासून निघायचं. साडेतीन पावलांवर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. सात पावलं पुरी होऊन थोडं पुढं ज्ञानेश्वरी. वीस पावलं झाली की आपण दारात असतो. असिरियातल्या निनेवेचा राजा अशुरबनिपाल सत्ताविसाव्या पावलावर, म्हणजे बाहेर पायऱ्यांपाशी. आणि सुमेरमधल्या उरुक शहरातल्या सगळ्यात जुन्या पाट्या त्रेपन्नाव्या पावलावर, पार रस्त्यापलीकडच्या पानाच्या टपरीशी. तिथं उभं राहून मागं वळून पाहिलं की मुलांना जे दिसतं ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. अशुरबनिपाल जवळजवळ बरोब्बर मध्यावर उभा असतो. आपण त्याच्यापासून जितके लांब, तितकाच तो उरुकच्या त्या लेखनिकांपासून लांब. जलप्रलयाच्याही आधीचे लेख मला वाचता येतात, अशी फुशारकी त्यानं एका लेखात मारली आहे. म्हणजे त्यालाही 'प्राचीन काळ' होता. तोसुद्धा मागं वळून बघतच होता. एवढं समजलं की सुमेर, बॅबिलोन, असिरिया हा क्रम पाठ करावा लागत नाही.

मग माती. कुंभाराकडून आणलेली, भाकरीच्या पिठाइतकी मळून मऊ केलेली. प्रत्येकाला तळहातात मावेल एवढा गोळा आणि आइस्क्रीमची एक चपटी काडी, टोक चौकोनी कापलेली. तिथले लोक वेतासारख्या बोरूच्या काड्या वापरत. नद्यांच्या काठी पाणथळीत बोरूचं रान माजलेलं असे. मी काहीच न सांगता एवढंच म्हणते, "मासा काढा." सगळी मुलं काडी मातीत टेकवून ओढतात, पेन्सिल ओढावी तशी. माती काडीच्या पुढं साचते, रेघेच्या दोन्ही बाजूंना तिचे काठ उभे राहतात, मासा लोळागोळा होतो. कुणी पुसून पुन्हा काढतं. कुणी पाण्याचं बोट फिरवतं. थोड्या वेळानं एखादा वैतागून काडीचा कोपरा मातीत नुसता दाबतो, उचलतो आणि ओरडतो, "ताई, असं केलं तर छान येतं!" एका बाजूला रुंद, दुसरीकडं निमुळता होत गेलेला पाचरीसारखा ठसा. मातीत वळणं येत नाहीत, दाब येतो. चित्रांची अक्षरं का झाली आणि त्या लिपीला पाचरीचं रूप का आलं, हे मग मला सांगावं लागत नाही. त्यांच्या बोटांना ते समजलेलं असतं.

दुसरं म्हणजे घाई. माती वाळायला लागली की कडा भेगाळतात. ओळ मनात तयार असेल तरच हात चालतो. पाटीची एक बाजू भरली की ती पान उलटतो तशी आडवी उलटायची नाही, खालची कड वर आणायची आणि मागच्या बाजूला लिहीत जायचं. तिथले लेखनिक असंच करत. ते करून पाहिलेल्या मुलाला संग्रहालयातली पाटी दाखवली की तो पहिल्यांदा तिच्या कडा बघतो, लिहिणाऱ्यानं जागा कशी पुरवली ते बघतो. मोठ्या माणसांच्या हे लक्षातही येत नाही.

पहिल्या पाट्यांवर असतं काय? उरुकमध्ये साधारण इ.स.पू. ३३०० ते ३००० या काळातल्या पाच हजारांच्या आसपास पाट्या आणि तुकडे सापडले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक हिशेबाच्या आहेत. मेंढ्या किती आल्या, बिअरसाठी जव किती दिला, मजुरांना शिधा किती वाटला. डोक्याचं चिन्ह आणि त्याच्या तोंडाशी वाडग्याचं चिन्ह, की झालं 'खाणं'. त्या काळातले ओबडधोबड, एकाच मापाचे मातीचे वाडगे उत्खननात हजारोंनी निघतात. शिधा बहुधा त्यांतूनच मोजून दिला जाई. एका पाटीवर जवाची २९,०८६ मापं आणि ३७ महिने अशी नोंद आहे, आणि शेवटी 'कुशिम'. हे माणसाचं नाव की एखाद्या हुद्द्याचं, यावर विद्वानांत वाद आहे. माणसाचं असेल तर लिहिलेल्या नावांतलं हे अगदी सुरुवातीच्या नावांपैकी एक. एका मुलाच्या घरी किराण्याचं दुकान आहे. तो म्हणाला, "म्हणजे राजा नाही, कोठारवाला?" त्याच्या आवाजात जी खुशी होती ती मला कुठल्याही 'पहिल्या'च्या यादीतून मिळाली नव्हती.

मुलांना सगळ्यात जास्त आपलीशी वाटते ती तिथली शाळा. सुमेरियन भाषेत तिला 'एदुब्बा' म्हणत, पाट्यांचं घर. नावावरून वाटेल की मोठी इमारत असेल. निप्पूरला १९५१-५२ मध्ये अमेरिकन पथकानं खणलेलं एक घर आहे, इ.स.पू. १७४०च्या आसपासचं. लहानसं, साधं, गल्लीतल्या इतर घरांसारखंच. आत शाळकरी पाट्यांचे चौदाशेच्या आसपास तुकडे मिळाले. डांबर लावलेली एक टाकी मिळाली, तीत जुन्या पाट्या भिजवून माती पुन्हा वापरत. काही पाट्या तर भिंतीत आणि जमिनीत भर म्हणून घातलेल्या. म्हणजे शाळा गुरुजींच्या घरीच भरायची. आमचं वाचनालयही असंच, कुणाच्या तरी जुन्या घराच्या दोन खोल्यांत, त्यामुळं मुलांना यात नवल वाटत नाही.

आणि शिकायची रीत? आधी नुसत्या पाचरी: उभी, आडवी, तिरपी. मग अक्षरं, घोकून: तु ता ति, नु ना नि, बु बा बि. हे मी म्हणून दाखवलं की मराठी माध्यमाची मुलं पुढचं आपोआप म्हणायला लागतात. मग नावं, मग याद्या: लाकडाच्या वस्तू, बोरूच्या वस्तू, भांडी, कातडं, धातू, जनावरं. मग वजनं-मापं, पाढे. मग म्हणी. मग कुठं साहित्य. लाडवासारख्या गोल पाट्यांवर वरच्या ओळीत गुरुजींचं अक्षर, खाली विद्यार्थ्याची नक्कल. चार हजार वर्षांनी आज आपण त्या दोन ओळी शेजारी-शेजारी बघतो आणि खालची कुणाची हे सांगावं लागत नाही. एका पाटीवर तर दातांचे ठसे आहेत, कुणीतरी पोरानं ती चावली आहे.

त्या शाळेवरच लिहिलेली एक सुमेरियन गोष्ट आहे, अमेरिकन विद्वान सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेली. मुलगा सकाळी उठतो, आई त्याला दोन भाकऱ्या बांधून देते, तो शाळेत जातो. आणि मग दिवसभर छड्या. उशीर झाला म्हणून छडी, न विचारता बोलला म्हणून, न विचारता उठला म्हणून, फाटकाबाहेर गेला म्हणून, अक्षर चांगलं नाही म्हणून. सुमेरियनवर लक्ष ठेवणाराही मारतो: अक्कादी का बोललास? इथं आमच्या वर्गात एकदम शांतता पसरते, आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. त्या काळी सुमेरियन कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. ती मंदिराची, दफ्तराची, प्रतिष्ठेची भाषा होती. पोरं घरी अक्कादी बोलायची. आमच्या मुलांतल्या कितीतरी जणांच्या शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागतो. कुणी दहा रुपये सांगतं, कुणी डायरीतला शेरा. मी त्यावर भाष्य करत नाही. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलानं आपल्या बाजूनं साक्ष दिली आहे, एवढं त्यांना पुरतं.

गोष्टीचा शेवटही ऐकण्यासारखा. मुलगा वडिलांना सांगतो, गुरुजींना घरी बोलवा. गुरुजी येतात, त्यांना मानाची जागा, खाणं-पिणं, नवं वस्त्र, बोटात अंगठी. आणि गुरुजी प्रसन्न! तू सगळ्यांत पुढं जाशील, असा तोंडभरून आशीर्वाद. मुलं हसून लोळतात. "ही तर लाच झाली!" एखादी म्हणते, "नाही गं, गुरुदक्षिणा." त्या दोघींचा वाद मी मिटवत नाही.

आईवर रुसलेलं माणूस म्हटलं ते इद्दिन-सिन. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या काळातलं मोठ्या अधिकाऱ्याचं पोर, घरापासून लांब शिकायला ठेवलेलं. त्याचं आईला, झिनूला, लिहिलेलं पत्र आहे. सुरुवातीला देव तुला सुखी ठेवोत वगैरे रीतसर. आणि मग: इथल्या मुलांचे कपडे वर्षागणिक चांगले होत चाललेत, माझे मात्र तू वर्षागणिक वाईट करत चाललीस. आपल्या घरात लोकर एवढी असताना! बाबांच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाच्या मुलाला दोन नवे जोड मिळाले, तुला मला एक द्यायचा तरी जिवावर येतं. त्याची आई त्याला दत्तक घेतलेली असूनही त्याच्यावर माया करते, आणि तू मला जन्म देऊनही करत नाहीस. हे वाचून दाखवल्यावर मी मुलांना आईचं उत्तर लिहायला सांगते. ते उत्तर सापडलेलं नाही. मुलांनी लिहिलेली उत्तरं वाचून मात्र त्यांच्या घरातल्या आया काय काय बोलत असतील ते कळतं. एका मुलीच्या झिनूनं लिहिलं, "लोकर आहे रे, पण विणायला मला वेळ कुठं आहे." त्या एका ओळीत बॅबिलोनची अर्धी अर्थव्यवस्था आली, कारण कापड विणणं हे तिथं मुख्यतः बायकांचं काम होतं.

असंच उर शहरातलं नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाचं पत्र, साधारण इ.स.पू. १७५०चं. एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्यानं हलका माल दाखवला, वर माझ्या नोकराला म्हणाला घ्यायचं तर घे नाहीतर चालता हो, तेही नोकर शत्रूच्या मुलुखातून जीव मुठीत धरून आलेला असताना. आता यापुढं माझ्या अंगणात मी स्वतः निवडून घेईन, असं नन्नी ठणकावतो. आज ती पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या तांब्याचा मार्ग दिलमुनवरून, म्हणजे आजच्या बहारीनवरून येई, आणि त्याच समुद्रवाटेनं आपलं नाव त्या पाट्यांत शिरलं आहे. त्याच्या आधी पाच-सहाशे वर्षं अक्कादचा राजा सार्गोन अभिमानानं सांगतो की मेलुहा, मगान आणि दिलमुनच्या नावा माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू खोरं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उरच्या राजेशाही दफनभूमीत सापडलेले काही अकीकाचे मणी सिंधू कारागिरांच्या हातचे आहेत. आणि लूव्र संग्रहालयात एक लहानशी दंडगोल मुद्रा आहे, तिच्या मालकाचं नाव शू-इलिशु, हुद्दा: मेलुहाच्या भाषेचा दुभाषा.

इथं पालकांतलं कुणी ना कुणी विचारतंच, मग आपली संस्कृती जुनी की त्यांची? मला हा प्रश्न मुलांच्या तोंडी घालावासा वाटत नाही. त्या दुभाष्याला दोन्हीकडची माणसं ओळखीची होती. एकीकडचा भाव दुसरीकडच्या शब्दांत सांगायचा, ही त्याची रोजची भाकरी. मुलांना मी दोन गट करून बसवते, एक मेलुहाचा, एक अक्कादचा. दोघांनी आपापली खोटी भाषा बनवायची आणि मधे एक शू-इलिशु. मण्यांच्या बदल्यात लोकर. पाऊण तासात सौदा जमला तर जमला.

गणितावर मी थोडाच वेळ देते, पण देते. उभी पाचर म्हणजे एक, कोपऱ्याची पाचर म्हणजे दहा, एकोणसाठपर्यंत असं, आणि साठ झाले की पुन्हा एकच उभी पाचर, फक्त एक घर डावीकडं. "शून्य कुठंय?" हा प्रश्न हमखास येतो, आणि शून्य नाही हे ऐकून मुलांना त्या लोकांची काळजी वाटते. मग येल विद्यापीठातली ती पाटी दाखवते: तळहातावर बसेल एवढी, गोल, बहुधा विद्यार्थ्याचीच, साधारण इ.स.पू. १८०० ते १६०० मधली. एक चौरस, त्याचे दोन कर्ण. बाजूवर ३०. कर्णावर १, २४, ५१, १०. म्हणजे एक, अधिक चोवीस साठांश, अधिक एक्कावन्न छत्तीसशेअंश आणि पुढं. सातवीच्या मुलांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली की १.४१४२१३ येतं. दोनचं वर्गमूळ १.४१४२१४. फरक दशांशाच्या सहाव्या घरात. त्याखाली ४२, २५, ३५, म्हणजे ३० गुणिले ते. पायथागोरसच्या हजारभर वर्षं आधी कुणीतरी हा गृहपाठ केला. आपल्या घड्याळातली साठ मिनिटं याच साठांतून, ग्रीक ज्योतिर्विदांच्या हातून आपल्यापर्यंत आली.

हम्मुराबीच्या कायद्याबद्दल एवढंच सांगते की तो वाचायला मुलांच्या हाती सरळ द्यावा. डोळ्याला डोळा हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ते सरदाराच्या डोळ्यापुरतं. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर चांदीचा दंड, गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे. ही तीन कलमं एकाखाली एक वाचली की 'पहिला न्याय' या शब्दांचं काय करायचं ते मुलं स्वतः ठरवतात.

आणि मग असिरिया. इथं शिकवणाऱ्याची खरी कसोटी लागते, आणि अनेक जण इथून पळ काढतात. एकतर असिरियन म्हणजे क्रूर एवढं सांगून दोन ओळींत संपवतात, नाहीतर पंख असलेल्या बैलांची सुंदर चित्रं दाखवून पुढं जातात. दोन्ही मला पटत नाही. निमरूद इथल्या असिरियन राजा अशुरनसिरपालानं बंडखोरांची कातडी सोलल्याचं स्वतःच्या लेखांत अभिमानानं लिहिलं आहे. अशुरबनिपालाच्या बागेतल्या मेजवानीचं प्रसिद्ध शिल्प आहे: राजा आडवा होऊन पेला धरून बसलाय, राणी समोर, वारा घालणारे, वाद्यं, आणि झाडाला शेजारच्या एलाम राज्याच्या राजाचं मुंडकं टांगलेलं. चौथीतल्या मुलाला हे दाखवायची काही गरज नाही. सातवीतल्याला दाखवायला हरकत नाही, पण नुसतं दाखवून सोडायचं नाही. हे कुणाला दिसावं म्हणून कोरलं, राजवाड्यात कोण येत असे, खंडणी घेऊन आलेल्या दूताला ते पाहून काय वाटलं असेल, हे विचारायचं. दहशत हे राज्य चालवायचं साधन होतं, आणि दगड कोरणं हा त्या साधनाचा भाग होता. हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नीट समजतं.

लहान मुलांसोबत मी लाखीशच्या शिल्पांपाशी थांबते. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियन राजा सेनाखेरिबानं यहुदा राज्यातलं लाखीश शहर घेतलं आणि निनेवेच्या राजवाड्यात एक अख्खी खोली त्या वेढ्याच्या शिल्पांनी भरली. त्यात शहर सोडून निघालेली कुटुंबं आहेत. बैलगाडी, गाडीवर सामानाची बोचकी, बोचक्यांवर बायका-मुलं. असिरियन राजे जिंकलेल्या लोकांना मुळासकट उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन वसवत, म्हणजे पुन्हा उठायला त्यांच्या पायाखाली आपली जमीनच राहू नये. चित्र समोर ठेवायचं आणि विचारायचं, तुम्ही गाडीत काय घेतलं असतं? उत्तरं ऐकत बसावीत अशी येतात. एका मुलीच्या आजोबांचं गाव धरणात गेलेलं. तिनं सांगितलं, आजोबांनी दाराची चौकट काढून आणली होती.

अशुरबनिपालाच्या सिंहाच्या शिकारीतली ती सिंहीण मी सगळ्यांना दाखवते. पाठीत बाण, मागचे पाय लुळे, पुढच्या पायांवर ओढत पुढं चाललेली, तोंड उघडं. राजाच्या पराक्रमासाठी कोरलेलं चित्र, आणि बघणारा प्रत्येक जण सिंहिणीच्या बाजूचा होतो. कोरणाऱ्यानं ते मुद्दाम केलं का? मला वाटतं, एवढं नीट बघणाऱ्या माणसाच्या हातून दुसरं काही होऊच शकत नव्हतं. मुलांमध्ये यावर दोन तट पडतात. पंखवाल्या मानवमुखी बैलांच्या बाबतीत ती लगेच पाय मोजतात. पाच! समोरून पाहिलं तर तो उभा, बाजूनं पाहिलं तर चालतोय. आणि खोर्साबादच्या सार्गोन दुसऱ्याच्या राजवाड्यातल्या अशाच एका दारबैलाच्या पायथ्याशी कुणीतरी वीस घरांचा पट ओरखडून ठेवलाय, उरच्या थडग्यांत जो खेळ सापडला तोच. पहाऱ्यावरचे शिपाई खेळत असणार. आम्हीही तो खडूनं जमिनीवर आखतो, फाशांऐवजी चार कवड्या.

अशुरबनिपालानं निनेवेत जमवलेल्या ग्रंथालयाच्या तीस हजारांवर पाट्या आणि तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गिल्गमेशाच्या कथेतला जलप्रलय त्यांतच सापडला. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथनं तो वाचला तेव्हा युरोपला बायबलातला नोहा आठवला, आमच्या वर्गाला मनू आणि मासा आठवतो. इ.स.पू. ६१२ मध्ये मीड आणि बॅबिलोनी फौजांनी निनेवे जाळलं. आग लागली की ग्रंथालय संपतं, हे मुलांना माहीत असतं. म्हणून मी एक कच्ची पाटी बादलीत टाकते आणि आव्यातून आलेली एक शेजारी टाकते. पहिलीचा चिखल होतो. दुसरी काढून पुसली की अक्षर न अक्षर तसंच. जाळणाऱ्यांनी त्या पाट्या भाजून ठेवल्या.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटू नये म्हणून शेवटी आम्ही मुंबईला जातो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशुरनसिरपालाच्या निमरूदच्या राजवाड्यातले शिल्पपट आहेत. ते इथं कसे आले ही गोष्ट मुलांना त्यांच्यासमोर उभं करूनच सांगावी. एकोणिसाव्या शतकात लेयार्ड या इंग्रज संशोधकानं निमरूद खणलं. जवळच्या मोसुल शहराकडून शिल्पं फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवर तैग्रिसमधून बसऱ्याला जात, तिथून जहाजानं मुंबईला, आणि मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून लंडनला. सुएझ कालवा १८६९ पर्यंत नव्हताच. त्यातले काही पट मुंबईतच राहिले. कीलाक्षरं, म्हणजे ही पाचरीची लिपी, उलगडणाऱ्यांत मोठं नाव असलेला इंग्रज रॉलिन्सनही १८२७ मध्ये कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईलाच उतरला होता. पुढं इराणमध्ये बेहिस्तूनच्या कड्यावरचा इराणी सम्राट दारयवहूचा त्रैभाषिक लेख त्यानं उतरवून घेतला. त्यातला बॅबिलोनी भाग सगळ्यात अवघड जागी, त्याच्यासारख्याला तिथं पोचता येईना. १८४७ मध्ये एक कुर्द मुलगा खडकाच्या फटींत खुंट्या ठोकत, बोटांनी कडा धरत तिथवर गेला आणि ओल्या कागदाचे ठसे घेऊन आला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. दहा वर्षांनी, १८५७ मध्ये, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं चार अभ्यासकांची एकाच लेखाची स्वतंत्र भाषांतरं सीलबंद पाकिटांतून मागवली, ती मिळतीजुळती निघाली आणि बॅबिलोनी-असिरियन भाषा वाचता येते हे सिद्ध झालं. चौघांची नावं सगळ्या पुस्तकांत आहेत. मुलं मात्र त्या मुलाबद्दलच विचारत राहतात: केवढा होता, पडला नाही ना, पैसे किती मिळाले.

मग मोठा प्रश्न येतो, हे दगड परत द्यायला नकोत का? निमरूदचा तोच राजवाडा २०१५ मध्ये इसिसनं सुरुंग लावून उडवला. त्याआधी, २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं होतं. इथं होते म्हणून वाचले, असं काही मुलं म्हणतात. काही म्हणतात, मग आता तिथं शांतता आहे तर पाठवा. शाहू-फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या मुलांना 'कुणाचं' हा प्रश्न लवकर सुचतो, याचं मला बरं वाटतं. गेल्या वेळी सहावीतली एक मुलगी म्हणाली, आपण इथं बसून कसं ठरवणार, मोसुलच्या शाळेतल्या मुलांना विचारायला हवं. वर्गानं ते उचलून धरलं. पत्राचा मसुदा मराठीत तयार आहे, त्यात शिल्पं कशी आहेत, कुठल्या दालनात आहेत, आम्ही ती कधी पाहिली हे सगळं लिहिलंय, आणि शेवटी तुमच्या शाळेत घरची भाषा बोलली तर चालते का असंही विचारलंय. ते अरबीत करून देणारं नाशिकमध्ये कुणी मिळतंय का, हे मी सध्या शोधते आहे.